आकाश न दिसल्याची नोंद

बाबा, आज रविवार. सकाळी चहाचा कप घेऊन मी टीव्हीसमोर बसले आणि सलग तीन तास धुकं पाहिलं. खिडकीबाहेरचं नाही, मागच्या हिवाळ्यात मीच आमच्या नोएडाच्या गच्चीवरून चित्रित केलेलं. त्यात काहीही घडत नाही. तुम्ही असतात तर शेजारी येऊन बसला असतात आणि तीन तासांत एक शब्द बोलला नसतात. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं हा प्रश्नच नाही, तरी लिहायला बसले आहे, कारण ज्या गोष्टीची मला लाज वाटते ती तुमच्याइतकी दुसऱ्या कुणाला कळणार नाही. जे त्या दिवशी दिसलं नव्हतं ते मी दिसलं म्हणून लोकांना दाखवलं. आणि एका माणसाने ते पकडलं.

आधी माझ्या या खुळाबद्दल सांगते. सुट्टीच्या दिवशी मी कॅमेरा तिपाईवर लावते, सुरू करते आणि मग त्याला हात लावत नाही. बोलणं नाही, संगीत नाही, काटछाट नाही. करोल बागेतली एक गल्ली, दुकानांची शटर उघडायच्या आधीची. मुनिरकात समोरासमोरच्या दोन खिडक्या आणि मधल्या दोरीवर विद्यार्थ्यांचे वाळत घातलेले कपडे. मानेसरच्या एका कारखान्याबाहेरचा बसथांबा, कंपनीच्या बस येतात, भरतात, जातात, आणि मागे नुसती धूळ खाली बसत राहते. एकेक तास, दीड तास. मग ते मी इंटरनेटवर टाकते. ऑफिसात दिवसभर फायलींवर शेरे मारणारी बाई रविवारी असलं काहीतरी करते हे घरच्यांना अजून पचलेलं नाही. नवरा याला माझं झोपेचं औषध म्हणतो आणि खरोखरच पाचव्या मिनिटाला घोरायला लागतो. लेक सुरुवातीला शेजारी बसली होती. "आई, पण इसमें होता क्या है?" मी म्हटलं, काही नाही. "मग लोक बघतात कशाला, यार?" पण बघतात, बाबा. कुणी इस्त्री करताना लावून ठेवतं, कुणी परीक्षेचा अभ्यास करताना. एकीने लिहिलं होतं की धूळ खाली बसताना पाहून आठवड्यात पहिल्यांदा श्वास घेतल्यासारखं वाटलं. मी ते वाचून थक्क झाले. धूळ तर माझी नव्हती, मी फक्त तिथे उभी होते.

हे उभं राहणं तुमचं. मला तो डिसेंबरमधला रविवार आठवतो, मी अकरा वर्षांची आहे, आई तापाने झोपली आहे आणि तुम्ही मला ड्यूटीवर बरोबर नेलं आहे. हवामान वेधशाळेच्या हिरवळीवर लाकडी झडपांची ती पांढरी पेटी, आत तापमापक. तुम्ही मला एक वही देता, रकाने तुम्ही स्वतः पट्टीने आखलेले. "ही तुझी," एवढंच म्हणता. मग आपण गच्चीवर जातो. आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यातले किती ढगांनी झाकलेत ते लिहायचं, हे तुम्ही मला इतक्या सहज सांगता की जणू आकाश म्हणजे घरातली भाकरी. "आणि आकाश दिसतच नसेल तर?" मी विचारते. "तर नऊ लिहायचे." आठ भागांच्या आकाशाला नऊ. न दिसण्यालाही एक आकडा आहे, त्यालाही रकान्यात मानाची जागा आहे, या गोष्टीने मी त्या दिवशी इतकी हरखून गेले की थंडी विसरले.

मग दृश्यतेची पाळी आली. ठरलेल्या खुणा, ठरलेली अंतरं: तारेचा खांब, कौलारू छप्पर, कारखान्याची चिमणी, आणि सगळ्यात लांब पाण्याची उंच टाकी. धुक्यात यातलं काय दिसतं ते पाहायचं. मी पटापट चारी ठिकाणी बरोबरच्या खुणा केल्या. तुम्ही वहीत डोकावलात.

"टाकी दिसली?"

"हो."

"कुठे आहे?"

मी बोट दाखवलं.

"बोट बरोबर आहे. टाकी तिथेच आहे. पण दिसली का?"

मी पुन्हा तिकडे पाहिलं, नुसतं पांढरं. तुम्ही आवाज चढवला नाहीत, तुम्ही तो कधीच चढवत नसायचात, म्हणून तर जास्त लागायचं. "टाकी तिथे आहे हे अख्ख्या दिल्लीला माहीत आहे, बाळ. त्यासाठी सरकार मला पगार देत नाही. वर विमानात जो बसलाय ना, त्याला मला काय माहीत आहे ते नकोय. मला काय दिसतंय ते हवंय." मी खोडरबर काढला तर तुम्ही तो हातातून घेतलात. खोडायचं नाही. चुकीवर एक रेघ मारायची, बाजूला खरं लिहायचं आणि सही करायची. अकराव्या वर्षी मी माझ्या आयुष्यातली पहिली सही त्या टाकीशेजारी केली.

एवढं सगळं शिकलेली मी, मागच्या हिवाळ्यात काय केलं ते ऐका. आमच्या गच्चीसमोर एक टॉवर अर्धवट बांधून उभा आहे आणि त्याच्या डोक्यावर क्रेन. मला हवं होतं की धुकं हळूहळू विरळ होत जाईल आणि त्यातून ती क्रेन उगवेल. सकाळी सातला कॅमेरा लावला. आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. माझी बोटं गारठली, आणि धुकं विरायचं सोडून दाटतच गेलं. क्रेन काही आली नाही. मी हिरमुसून खाली आले. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून पुन्हा लावला, कॅमेरा त्याच जागी, तिपाईचे पाय खडूने आखलेल्या खुणांवर, आणि त्या दिवशी साडेनऊला धुकं असं काही उघडलं की मी तोंडावर हात ठेवला. मग मी पहिल्या दिवसाचा एक तास आणि दुसऱ्या दिवसाची वीस मिनिटं जोडली. दोन्हीकडे पडदा पांढराच, सांधा कुठे आहे ते मला स्वतःलाही दिसेना. खाली लिहिलं, 'एक सकाळ.' माझं आजवरचं सगळ्यात लोकप्रिय काम ते.

तीन महिन्यांनी कॅन्टोन्मेंटमधून एका बाईंचा निरोप आला. मूळच्या साताऱ्याकडच्या, मुलगा फौजेत, त्याच्या क्वार्टरमध्ये राहतात. नवरा तोफखान्यातून निवृत्त झालेला. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली होती. घरात कशातच लक्ष लागत नसे, पण माझं धुकं रोज सकाळी चहाबरोबर लावावं लागतं. 'क्रेन आली की हे डावा हात वर करतात, ताई. घरात तेवढाच आनंद आहे. एकदा येऊन जावा.' ज्या गोष्टीवर एक आजारी माणूस रोज हात वर करतो ती मी जोडून बनवलेली होती. सांगावं तर त्यांचा तेवढाही आनंद जाणार. न सांगावं तर तुम्ही डोळ्यांसमोरून हलेनात.

गेले. शनिवार होता. काकूंनी दारातच हात धरला. "या की आत. सकाळपासनं वाट बघतायत तुमची." काका खिडकीपाशी खुर्चीत, गुळगुळीत दाढी, मफलर. मला पाहून त्यांनी मान हलवली आणि लगेच टीव्हीकडे बोट केलं. धुकं लागलं. काकू चहा देऊन स्वयंपाकाला आत गेल्या. मी पडद्याकडे पाहिलंच नाही, मी काकांकडे पाहत होते. असं पाहणारा माणूस मी तुमच्यानंतर पहिल्यांदा पाहत होते, बाबा. पापणी लवत नव्हती. कोपऱ्यातून कोपऱ्यात नजर सावकाश फिरत होती, परत येत होती, पुन्हा फिरत होती. मी एक तास बसून होते आणि मला कंटाळा आला नाही.

आणि मग त्यांचा डावा हात वर गेला. क्रेन आलेली नव्हती. क्रेन यायला अजून तीन मिनिटं होती. पडदा नुसता पांढरा होता, आणि तो क्षण कोणता आहे हे जगात फक्त मलाच ठाऊक होतं. तिथेच माझा सांधा होता.

काकू हात पुसत बाहेर आल्या. "केला ना हात? बघा आता, येतीये क्रेन." आणि क्रेन आलीच. तीन महिने असंच चाललं होतं. त्या आतून हात पाहून यायच्या, तोवर क्रेन उगवायची, आणि त्या टाळी वाजवायच्या. काका मान हलवून नाही म्हणत, ते त्यांना कौतुकच वाटायचं. मी रिमोट घेतला, मागे नेलं, थांबवलं. काकांनी पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे आमच्या गच्चीवरची प्लॅस्टिकची बादली होती. त्यांनी डावा तळवा आधी एका बाजूला पालथा घातला, मग दुसऱ्या. मी पाहिलं. बादलीची कडी डावीकडे पडलेली होती. पुढच्याच क्षणी उजवीकडे. रात्रीतून कुणीतरी बादली वापरून परत ठेवली होती. मी ते दृश्य पन्नासदा पाहिलं असेल, माझी बादली, माझी गच्ची, आणि मला ती कडी दिसली नव्हती.

"काका, तो दुसरा दिवस होता," मी म्हटलं. "मी दोन दिवस जोडलेत. चूक झाली."

त्यांचा अर्धा चेहरा हसला. असा हसला की मला रडू आलं. डाव्या हाताने त्यांनी खुर्चीच्या हातावर दोन-तीनदा थाप मारली. काकू आधी गोंधळल्या, मग त्यांना कळलं, आणि त्या मटकन खालीच बसल्या. "म्हंजे हे रोज सांगत होते व्हय? आन् मी आपली क्रेन, क्रेन करत टाळ्या पिटतीये!" मग म्हणाल्या, "नोकरीच ती होती यांची. डोंगरावर दुर्बीण लावून बसायचं. समोर काय हललं, ते खाली तोफांना कळवायचं. बाकी काय बी नाही." म्हणजे तीन महिने हा माणूस रोज, न चुकता, आपलं काम करत होता. खुर्चीत बसून, एका हाताने, खबर पोचवत होता, आणि खबर घेणारं कुणी नव्हतं. इतकी मोठी गोष्ट मी माझ्या आयुष्यात पाहिलेली नाही.

काकांनी पुन्हा पडद्याकडे बोट केलं आणि पंजा उघडून दाखवला. काकूंनी अर्थ सांगितला: "मग त्या पहिल्या दिवशी पुढं झालं काय, विचारतायत."

"काही नाही. धुकं हटलंच नाही."

त्यांनी तोच पंजा परत पुढे केला. ते द्या.

घरी येऊन मी जोडलेला व्हिडिओ काढून टाकला नाही. 'एक सकाळ' या शब्दांवर रेघ ओढता येत नाही तिथे, म्हणून ते तसेच ठेवून खाली लिहिलं की या दोन सकाळी आहेत, जोडलेल्या आहेत, आणि सहीसारखं माझं नाव घातलं. काहींनी नाराजी कळवली. शेजारी पहिल्या दिवसाचे अख्खे तीन तास टाकले. काकूंचा फोन आला, "जेवायला उठंनात, ताई. संपलं तर म्हणतायत परत लाव!" तेच आज मी पाहिलं. माझं एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहण्याची ही पहिलीच वेळ, हेही सांगून टाकते. आणि काय सांगू, बाबा, धुकं एक नसतं. त्याच्यात थर असतात, एक थर उजवीकडे सरकतो आणि दुसरा त्याच्या मागून वर चढतो. पावणेनऊच्या सुमाराला सगळं पांढरं क्षणभर पिवळसर होतं, कुठेतरी सूर्य असल्याची तेवढीच बातमी, आणि मग तीही बंद. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी येते, घर नसलेली. एक कबुतर अचानक असतं, मग नसतं. तुम्ही पस्तीस वर्षं रोज हे पाहत होतात आणि घरी येऊन मुकाट्याने पोहे खात होतात.

त्या शनिवारी निघताना काकूंनी विचारलं होतं, वडील काय करायचे. मी तुमच्याबद्दल सांगितलं. "मग त्यांनी कधी धरलं का तुम्हाला असं?" मी म्हटलं, एकदाच, अकरा वर्षांची असताना. आम्ही तिघं हसलो. पण रिक्षात बसल्यावर मला ते हसू टोचायला लागलं. तुमची नजर गेली त्यानंतरचा तुमचा शेवटचा हिवाळा. तुम्ही स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायचात आणि मी चार्टर्ड बस चुकू नये म्हणून पोळ्या उरकत असायची. तुम्ही रोज विचारायचात, "बाहेर किती लांबपर्यंत दिसतंय गं आज?" आणि मी पोळीवरून नजर न काढता म्हणायची, "खूप लांबपर्यंत, बाबा." तुम्ही "बरं" म्हणायचात आणि खिडकीकडे तोंड करून समाधानाने बसून राहायचात. त्यातल्या किती सकाळी बाहेर धुकं होतं ते मी आज तुम्हाला सांगू शकत नाही. मी एकदाही पाहिलं नव्हतं.