डायनासोरच्या डाव्या कानाची खाच

प्रिय रामहरी,

फोनवर तू विचारतोस, आप्पा कसे हैत, आणि मी "बरे हैत" म्हणून मोकळी होते. ते शेजारीच ऐकत बसलेले असतात, म्हणून आज लिहिते. बरे नाहीत. विसरणं लई वाढलंय. जेवून उठले की जेवायचं राहिलं म्हणतात. दाराची कडी राहिली की गावाकडं, पाचोडच्या वाटेला लागतात, मेंढरं वळायला. मेंढरं कधीच विकली, हे रोज नव्यानं सांगावं लागतं. पुंडलिकनगरातली माणसं चांगली, आणून सोडतात. पण मी दमलेय रे.

एका जागी बसावेत म्हणून तुझा जुना कॉम्प्युटर लावून दिला, शहागंजातून माऊस आणला. त्यात तुझा तो जनावरं बनवायचा गेम निघाला, अन् तू अर्धवट टाकलेला तीन शिंगांचा डायनासोर. आप्पा बघतच राहिले. एडका समजले असतील. मग दुपारी आम्ही दोघं तो पुरा करायला बसू लागलो. मानेमागची झालर, चोचीसारखं तोंड तू केलेलंच होतं. मी पाय लावले, शेपूट लावलं. पण गेममधल्या कळपात सोडायची वेळ आली की आप्पा माझा हात धरत. "ह्याला कान कुठंय?" म्हटलं, आप्पा, ह्या जातीला असे कान नसतात. तर म्हणाले, "मग खाच कुठं मारायची? दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तर आपलं कसं वळखायचं?"

लावले बाई कान, मेंढीचे, लोंबते. शिंगांमागं इतके येडगळ दिसतात की लई दिवसांनी मला हसू आलं. गेममध्ये कान ओढून लांब करता येतो, कापता येईना. मग डाव्या कानाच्या खालच्या कडेला काळ्या रंगानं आपल्या मेंढरांची खाच काढली. आप्पांनी पडद्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "सोड आता."

लहानपणी मेंढरांच्या वाड्याभोवतीच्या बाभळीच्या काटेरी कुपाटीत तुझा डावा कान फाटला, अगदी त्याच जागी. आई रडत होती अन् आप्पा हसत म्हणाले होते, "बरं झालं, पोराला खूण झाली. आता हरवायचं नाय." मला तेव्हा तुझा हेवा वाटला होता.

काल त्यांना जेवू घालत होते. माझ्याकडं बघत राहिले, मग हात पुढं करून माझा कान चाचपला. डावा, मग उजवा. कुड्या लागल्या, खाच लागली नाही. माझा हात ताटावरून बाजूला सारला आणि म्हणाले, "ही आपली नाय." रागानं नाही, शांतपणे. मी मोरीत जाऊन रडले, मग येऊन परत घास भरवला. परक्या बाईच्या हातचा म्हणून खाल्ला त्यांनी. सुट्टी मिळत नाही असं या वेळी म्हणू नकोस. त्यांच्या बोटांना खूण कळते तोवर ये. त्यांच्याजवळ बस, तुझा कान त्यांच्या हाताला लागू दे. आणि मग त्यांना सांग, ही बी आपलीच हाय म्हणून. तुझं ऐकतील.

तुझीच,
सुलेखाताई