बोट सुरू झाली, आई

छत्रपती संभाजीनगर,
गुरुवार सकाळ

प्रिय आई,

तुझी बोट काल सुरू झाली. मी आणि रफिकभाई सोडून हे कुणालाच माहीत नाही. मनूला तर मी काल फोनवर चक्क खोटं सांगितलं. "काय म्हणते आजीची बोट?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "कसली हालचाल नाही गं अजून." आणि तेव्हा मागच्या अंगणात इंजिन अजून कोमट होतं!

तू गेल्याला वर्ष झालं. एवढ्या दिवसांत तुला लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण लिहायला बसले की तुझी जागा रिकामी दिसायची आणि मी उठायचे. आज मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. मला फार भीती वाटतेय, आई. आणि ही भीती मला तुझ्यामुळंच लागली, तेव्हा तक्रार करायची ती तुझ्याकडंच.

आधी सगळं सांगते. तुझी नात पुण्याला राहून नाथसागराच्या पाण्यावर संशोधन करतेय. काठावरचं पाणी तिला चालत नाही, मधलं लागतं. सरकारी परवानगी आली, तशी ती भाड्याची बोट शोधायला लागली. कुणाची बोट, कुणाचं इंजिन, चालवणारा कोण? मी साफ नाही म्हटलं. तर म्हणाली, "मग आजीची आहे की!"

"अगं, तीस वर्षं ताडपत्रीखाली पडलीय ती."

"दुरुस्त करू."

"तू तुझा अभ्यास कर," मी म्हटलं, "बोटीचं मी बघते."

हसतेस ना? साधा बल्ब बदलायचा तर मी माणूस बोलावते! पण मनात काय होतं ते तुला म्हणून सांगते. मला ती बोट दुरुस्त व्हायला नको होती. मार्चपर्यंत नाही चालली तर मनू विषय बदलणार, काठावरून होईल असं काहीतरी घेणार, असं आमचं ठरलं होतं. म्हटलं, काम आपल्याच हातात घेऊ. आपल्याला त्यातलं काही येत नाही, त्यामुळं ते होणारच नाही.

तुला तो मंगळवार आठवतो का गं?

मी नववीत होते. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. धरण भरलं, रस्ते पाण्याखाली गेले, आणि तुझे पलीकडच्या गावांतले पेशंट पलीकडंच राहिले. तू कुठून तरी ही जुनी बोट मिळवलीस आणि दर मंगळवारी औषधांची पेटी घेऊन पाण्यावर जायला लागलीस. "डाक्टरीणबाई मोटारबोट चालवते!" गावभर झालं होतं. वर्गातल्या मुलींना तू सिनेमातली बाई वाटायचीस. मी मात्र मंगळवारी शिकवण्याकडं लक्षच द्यायची नाही. खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडं बघत बसायची. पानं हलली की वारा सुटला, वारा सुटला की लाटा आल्या. मग बाकाखाली हात जोडून कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनं शिकवलेली 'हेल मेरी' प्रार्थना म्हणत सुटायची. देवाला इंग्रजीत लवकर कळत असेल असं वाटायचं मला.

त्या मंगळवारी तू आलीच नाहीस. शेजारच्या काकू सोबतीला आल्या आणि लगेच घोरायला लागल्या. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर तू दारात उभी. साडी गुडघ्यापर्यंत चिखलाची, वल्ही मारून मारून तळहात सोललेले. म्हणालीस, "इंजिन बंद पडलं. चहा टाक." चहा घेतलास, झोपलीस, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा गेलीस!

एकदा तरी विचारायचंस ना गं, 'बेबी, तू काय केलंस रात्रभर?' मी सांगितलं असतं. आता राहायचं कुणाकडं, मामाकडं की काकाकडं, हे ठरवत होते मी रात्रभर.

तुझं काम किती मोठं होतं ते मला कळतं. तुझ्या हातून सुखरूप जन्माला आलेली माणसं अजून मला बाजारात थांबवतात. पण नववीतल्या त्या पोरीला ते कसं कळावं?

असो. तर मी ताडपत्री काढली. आत मुंगसानं बिऱ्हाड केलं होतं. तळाच्या फळ्या खारी बिस्किटांसारख्या चुरल्या. पुढच्या बाजूला फायबरला हातभर चीर. ती बघून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, संपलं, आता काय होतंय! पण तोवर मी रफिकभाईंना बोलावून बसले होते. आपल्या कोपऱ्यावरचे स्कूटर दुरुस्तीवाले. त्यांनी चीर बघितली, दाढी खाजवली आणि म्हणाले, "बोट का मेरेकू कुछ नै मालूम मॅडम. पर इंजिन तो इंजिनच है. फायबर का तुम देखो."

वाळूजला पाण्याच्या टाक्या बनवतात तिथून मी ते चिकट रसायन आणलं, आणि ते घट्ट होण्यासाठी त्यात घालायचं दुसरं. दुकानदारानं सांगितलं, अगदी थोडं घाला. पण दिवस थंडीचे. मी विचार केला, थंडीत विरजण जरा जास्तच लागतं, नाहीतर दही लागत नाही. घातलं चांगलं चमचाभर. आई, मी ब्रश शोधेपर्यंत प्लास्टिकच्या मगातून धूर यायला लागला! तो मगच वितळून वाकडा झाला आणि आत दगड! रफिकभाई पळत आले आणि बघून खालीच बसले. "मॅडम, दही जमाया क्या?" तेव्हापासून रोज विचारतात, आज कढी है क्या.

पुढच्या वेळी नीट मोजून घातलं. मग ते ठिगळ घासलं. मनासारखं झालं नाही म्हणून काढून टाकलं, पुन्हा लावलं, पुन्हा घासलं. हातांची सालटी निघाली. काम फसावं असं जर मला वाटत होतं, तर हे मी का करत होते गं? मला कळत नाही. एवढंच कळतं की ब्रश हातात असताना मनू त्या ठिगळाच्या वर बसलेली दिसायची आणि खाली काळं पाणी. मग हात थांबायचे नाहीत.

इंजिनानं मात्र छळलं. कोरडंच चालवून बघायला गेलो, तर आतलं पाणी ओढणारं रबरी चाक जळालं. असं होतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. नवीन चाक मागवलं, तेव्हा समजलं की बोटीचं इंजिन पाण्यात शेपूट बुडवूनच चालवायचं असतं. आता आपल्या गावात पाणी कुठून आणायचं? नळ येतो तो आठवड्यातून एकदा, तोही आला तर. तरी मी निळा ड्रम काठोकाठ भरला. खंदारे वहिनी भिंतीवरून बघत होत्या. "काय हो ताई, माणसं टँकरच्या मागं पळतायत अन् तुम्ही बोटीला अंघोळ घालताय?"

"आंघोळ नाही हो," मी म्हटलं, "तिला प्यायला लागतं."

"मग आमच्या नातवाला पण बोटच म्हणा, म्हंजी तुमच्या ड्रमातलं मिळंल!"

वहिनींचं काय चुकलं? तू असतीस तर तूही बोलली असतीस. भाज्या धुतलेलं पाणी जास्वंदीला घालणारी तू! आणि ड्रम भरताना माझ्या मनात आलं, हे पाणी तरी कुठलं? नाथसागरातलंच. ज्याच्या जवळ मी आयुष्यभर गेले नाही, ते नळानं माझ्या अंगणात आलं.

काल रफिकभाईंनी दोरी ओढली. एकदा, दोनदा, मी मोजायचं सोडून दिलं. आणि एकदम ते खोकलं, धूर ओकलं आणि सुरू झालं! इतका आवाज! ड्रममधलं पाणी उकळल्यासारखं उसळायला लागलं. आणि इंजिनाच्या बाजूच्या छोट्या भोकातून पाण्याची बारीक धार सुरू झाली, म्हणजे नवीन चाक पाणी ओढत होतं. रफिकभाई ओरडले, "मूत रहा है, मॅडम! मूत रहा है! बच गया!"

आई, मला तू आठवलीस. ऑपरेशननंतर पेशंटकडं गेलीस की तुझा पहिला प्रश्न, "लघवी झाली का?" झाली म्हटलं की तुझे खांदे खाली यायचे. काल माझे खांदे तसेच खाली आले. मी हसले, रडले, रफिकभाईंच्या हातावर टाळी दिली.

आणि दुसऱ्या क्षणी मनू आठवली. आता ती जाणार.

"मनूबेटी कू फोन लगाऊं?" ते म्हणाले.

"नको. मी सांगते."

"कायकू डरते मॅडम? अच्छी चल रही है."

ते गेल्यावर मी पान्हा घेऊन इंजिनाचा स्पार्क प्लग काढला, ज्याच्याशिवाय ते सुरूच होत नाही. का काढला, स्वतःलाही सांगितलं नाही. रुमालात गुंडाळून कपाटात साड्यांच्या मागं ठेवला. मग मनूचा फोन आला आणि मी ते खोटं बोलले. ती म्हणाली, "असू दे आई. तू किती केलंस. मार्च आलाच, सरांना सांगते, विषय बदलते." आवाज इतका समजूतदार होता! चिडली असती तर बरं झालं असतं. मी फोन ठेवला आणि मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

तू रात्र पाण्यावर काढलीस तेव्हा घाबरली होतीस का? हे मी तुला कधीच विचारलं नाही. तू तर नव्वदीला टेकेपर्यंत समोर होतीस! कदाचित तू चहा मागितलास तो हात थरथरू नयेत म्हणून. कदाचित नुसता चहाच हवा होता. आता कोण सांगणार?

प्लग कपाटातून काढलाय. या कागदाशेजारी ठेवलाय. पत्र संपलं की बसवते आणि मनूला फोन करते. काल खोटं बोलले, तेही सांगते. रागावली तर रागावू दे.

आणि आई, तुला वचन देते. मनूला मी अडवणार नाही. पण काठावर उभी राहून झाडाची पानंही बघणार नाही. ठिगळ मी लावलंय, तेव्हा ते पाण्याला पहिल्यांदा लागेल तेव्हा त्याच्या वर मी बसलेली असेन, लाइफ जॅकेट घालून, दोन्ही हातांनी फळी धरून. मला पोहता येत नाही. मी घाबरेन आणि मनूला मोठ्यानं सांगेन की मी घाबरलेय. आणि तिलाही विचारेन.

तुझी,
बेबी