तांब्यावरची लव

सर, तुम्ही गेलात तेव्हा मी सांगलीतच होते, आणि मुद्दाम अंत्यदर्शनाला आले नाही. आज कागद घेऊन उट्टं काढायला बसलेय, तेव्हा निमूट ऐकून घ्या.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. तांब्याचा पत्रा भट्टीत तापवायचा, वर धरलेला काळा थर घासून काढायचा, खालच्या तांबड्या थरावर ऊन पाडून वीज मोजायची, असा तुमचा प्रयोग. त्या दुपारी मी भट्टी बंद करायची विसरून जेवायला गेले. परत आले तर पत्रा काळाठिक्कर. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर अंधूक केसच केस. खिडकीतलं ऊन त्यावर पडतंय आणि चमक म्हणून नाही. मी धावत तुमच्याकडं येते. "सर, ह्याच्यावर लव हाय!" घाईत वडूजची बोली निसटते. पुण्याच्या मोठ्या यंत्राखाली बघूया, चिठ्ठी द्या, असं विनवते. तुम्ही पत्र्याकडं नाही, माझ्याकडं बघता. "धनगराची पोर ती. इथंही घोंगडंच विणलंस की!" सगळा वर्ग हसला. चिठ्ठीचं नाव न काढता तुम्ही चहाला गेलात.

जिभेला हाड नव्हतं तुमच्या. ते केस म्हणजे अर्धसंवाहकाच्या नॅनोतारा होत्या, माणसाच्या केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या बारीक. गुळगुळीत पत्रा ऊन परत फेकतो. तारांच्या दाटीत शिरलेलं ऊन आतच अडकतं, म्हणून वीज जास्त निघू शकते. मेंढरांमागं फिरणाऱ्या माझ्या आबांना हे न शिकता ठाऊक होतं, काळं घोंगडं चमकत नाही, पाठ मात्र तापवतं. आज ठिकठिकाणच्या प्रयोगशाळा असल्या तारा उगवतात. मीही उगवते. माझ्याकडं शिकणाऱ्या मुली त्या पत्र्याला घोंगडंच म्हणतात, परदेशी पाहुण्यांनाही मी तसंच म्हणायला लावते, तुमच्या नाकावर टिच्चून. आणि दरवर्षी नव्या मुलींना सांगते, सरांनी माझा पहिला पत्रा घासायला लावला. मुली तुम्हाला शिव्या घालतात. मला लय बरं वाटतं.

तुम्हाला आता उलट बोलता येत नाही, हेही बरंच. कारण घासून टाक, असं तुम्ही म्हणालाच नव्हतात. तुम्ही चहाला गेल्यावर पॉलिश पेपर घेऊन मीच तो घासला, तांबडा होईपर्यंत, घोंगड्याचं नाव पुन्हा कुणी काढू नये म्हणून. आणि परत आल्यावर तुम्ही हात पुढं केलात, "कुठाय गं ते? बघू दे जरा."

हे मुलींना सांगितलेलं नाही. हा कागदही त्यांच्या हाती लागू नये म्हणून घरी नेतेय.