वहिनीने काढलेला तुझा फोटो

आई,

वहिनीच्या फोटोंचं प्रदर्शन पाहून आले. चांगलं होतं, हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी तिच्याबद्दल काही चांगलं लिहीन याची खात्री नाही. गंगापूर रोडला एक छोटा हॉल घेतला होता तिने. भिंतींवर सगळे नांदूर मध्यमेश्वरच्या अभयारण्यातले पक्षी. लोक येत होते, फोटोंसमोर उभे राहून हळू आवाजात बोलत होते, आणि दादा दारात उभा राहून सगळ्यांना पेढे देत होता, जणू घरात बारसं आहे. मीही पेढा घेतला. तू असतीस तर तिच्या शेजारी उभी राहिली असतीस, माझ्या नाही, हे तो पेढा खाताना मनात आलं आणि तोंड कडू झालं.

तू रिटायर झालीस तेव्हा मला वाटलं होतं, आता तू माझी. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये इतकी वर्षं छापील कागदावरचे बारीक दोष शोधण्यात तुझे डोळे शिणले होते. संध्याकाळी घरी आलीस की बोलायची नाहीस, डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडायचीस, आणि आम्ही दोघं भावंडं हळू पावलांनी घरात वावरायचो. आता निवांतपणे सिन्नरला माझ्याकडे येशील, चार दिवस राहशील, आपण गप्पा मारू, असा माझा बेत होता. तू कॅमेरा आणलास. निमित्त काय, तर बाल्कनीतल्या कपड्यांच्या दोरीला शिंजीराने घरटं बांधलं होतं. पिल्लं उडून जाईपर्यंत तू त्या दोरीला कुणाला हात लावू दिला नाहीस, दादाचे ओले शर्ट खुर्च्यांच्या पाठीवर वाळत होते. वहिनी तेव्हा येवल्याहून नवीनच आलेली, तोंडातून शब्द न काढणारी. ती तुझ्यामागे उभी राहून बघायची. एक दिवस तू तिच्या हातात कॅमेरा दिलास. ‘धर, श्वास रोखून धर,’ म्हणालीस. हे मला दादाने नंतर सांगितलं. मी तिथे नव्हते. मी कधीच तिथे नसायचे.

मग तुमचे रविवार सुरू झाले. मी सिन्नरहून एसटीने यायची, पिशवीत तुझ्या आवडीच्या गुळाच्या पोळ्या, आणि दार दादा उघडायचा, डोळे चोळत. ‘त्या दोघी पक्ष्यांकडे गेल्यात. चहा टाकतेस का? मलाही टाक.’ माहेरी येऊन आपणच आपला चहा करून प्यायचा, ही गोष्ट ऐकायला फार क्षुल्लक आहे, मला माहीत आहे. पण ओट्यापाशी उभी राहून मी दुधाला उकळी येण्याची वाट बघते आहे आणि खिडकीतून सारखी रस्त्याकडे नजर जाते आहे, ते चित्र अजून पुसलं जात नाही. दुपारी तुम्ही यायचात. उन्हाने रापलेल्या, चपलांना चिखल, आणि जिना चढतानाच तुमचं चाललेलं असायचं, ‘अगं तो चमचा पक्षी उडाला तेव्हा तू दाबलंस का बटण?’ मला बघून तू म्हणायचीस, ‘आलीस होय? जेवलीस का?’ आणि माझं उत्तर यायच्या आत दोघी कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकं लावून बसायचात. ती तुला आई म्हणायची. सगळ्याच सुना म्हणतात. पण तिच्या तोंडून ते ऐकताना माझ्याकडचं काहीतरी कुणी वापरायला नेलंय असं वाटायचं.

एकदा मी हट्टाने बरोबर आले. आठवतं का तुला? हिवाळा होता, पाण्यावर धुकं होतं, आणि मी माझा सगळ्यात चांगला मरून ड्रेस घातला होता, आईबरोबर सहलीला निघाल्यासारखा. तुम्ही दोघी मळकट कपड्यांत. तू तर आमच्या अण्णांचा जुना शर्ट घातला होतास. लव्हाळ्याच्या कडेला आपण बसलो. बराच वेळ काहीच होईना. मी दोनदा पाय बदलले, तेव्हा वहिनीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. आणि मग लव्हाळ्यातून जांभळी पाणकोंबडी बाहेर आली, तिच्यामागे काळी काळी पिल्लं, मोठाल्या पायांवर धडपडत. इतकी गंमत वाटली मला. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, ‘आई, ते बघ.’ मला ती पिल्लं तुला दाखवायची होती, एवढंच. क्षणात सगळी आत पळाली. तू रागावली नाहीस. कॅमेऱ्यावरून डोळाही काढला नाहीस. म्हणालीस, ‘तू जरा गाडीत बसतेस का?’ एखाद्या अनोळखी बाईला सांगावं तसं, नीट, हळू आवाजात. तू ओरडली असतीस तर मी भांडले असते. अशा बोलण्यावर काय भांडणार?

मी गाडीत जाऊन बसले. थोड्या वेळाने वहिनी थर्मास घेऊन आली. चहा ओतून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘ताई, मनाला लावून घेऊ नका. मलाही आईंनी पहिल्यांदा असंच हाकललं होतं.’ समजूत काढायला आली होती बिचारी. पण मला ऐकू आलं ते एवढंच, की तिला हाकललं आणि ती परत गेली. मी परत गेले नाही. पुढे तू दोनतीनदा विचारलंस, ‘येतेस का?’ मी मुलांच्या परीक्षा सांगितल्या, कंबर सांगितली.

आणि मग तुझं आजारपण. पलंगावर पडल्या पडल्या तू वाटण्या केल्यास. कपाटातली पैठणी मला, कॅमेरा आणि ती लांबलचक लेन्स तिला. मावशी म्हणाली, लेकीला बरोबर ठेवलंस बाई. सगळ्यांना वाटलं, भारी वस्तू मला मिळाली. पैठणी सुंदरच आहे, लग्नकार्यात नेसते, बायका पदर हातात घेऊन बघतात. आणि मला त्या कॅमेऱ्यातलं काय कळत होतं? काही नाही. दिला असतास तर कपाटात पडून राहिला असता. तरी मी तेव्हा तुझ्याकडे बघत राहिले, की एकदा तरी विचारशील, तुला हवाय का? तू डोळे मिटलेस. थकली होतीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण या एका गोष्टीवर मी अजून तुझ्याशी बोलत असते, भांडी घासताना, बसच्या खिडकीत.

तर, प्रदर्शन. शेवटच्या भिंतीवर तुझा फोटो होता. पक्ष्यांमध्ये तू एकटीच माणूस. चिखलात फतकल मारून बसलेली, अंगात अण्णांचा शर्ट, गालावर चिखलाचा फराटा, आणि हसते आहेस. तोंड उघडून, डोळे बारीक करून, मान मागे टाकून. तू घरात हसलीस की पदर तोंडावर धरायचीस, पुढचा दात तिरका म्हणून. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये एकाही फोटोत तुझे दात दिसत नाहीत. इथे तो तिरका दात सगळ्या नाशिकला दिसत होता. एक गृहस्थ वहिनीला विचारत होते, ‘ह्या कोण?’ ती म्हणाली, ‘माझ्या सासूबाई. मला शिकवलं ते त्यांनीच. आणि ह्या ताई, त्यांची लेक.’ ते माझ्याकडे वळले. ‘अरे वा, मग तुम्हीही काढत असाल फोटो?’

‘नाही,’ मी म्हणाले.

गर्दी पांगल्यावर मी तिला विचारलं, ‘वहिनी, आई कशाला हसत होती गं?’ मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तेवढं कळलं असतं तर तो फोटो थोडा माझाही झाला असता. ती फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘आठवत नाही, ताई.’

‘आठवत नाही?’

‘नाही ना. तिथे त्या रोजच हसायच्या.’

आई, तिने ते किती सहज म्हटलं. ज्याच्या घरात रोज दूध उतू जातं, त्याला आजचं किती सांडलं हे कशाला आठवेल? मग तिनेच विचारलं, ‘रविवारी येता का माझ्याबरोबर?’ आणि मी रागाच्या भरात हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर ती एकटी तुझ्याकडे गेली असती, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात होतं.

काल गेलो. तिने जागा दाखवली. ‘आई इथे बसायच्या.’ एवढासा उंचवटा, शेजारी बाभूळ. मी तिथे बसले. खालून ओल लागली, डास चावले, पाय बधिर झाला, तरी हलले नाही. तिने हाताचा पंजा खाली करून मला थांबायची खूण केली, ती खूणसुद्धा तुझीच. काहीतरी करड्या रंगाचं पाण्यावर उतरलं, तिचं बटण टकटक वाजत राहिलं. मला नाव कळलं नाही आणि मी विचारलं नाही. परतताना गाडी सुरू करता करता ती म्हणाली, ‘ताई, छान बसलात आज.’ मास्तरणीने पहिलीच्या पोरीला शाबासकी द्यावी तशी. माझ्याच आईच्या जागेवर मी छान बसले, हे ती मला सांगणार. भयंकर राग आला. आणि खरं सांगू, सिन्नर येईपर्यंत बरंही वाटत होतं, अगदी पहिलीतल्या पोरीसारखं.

हे मी तिला सांगणार नाही. तुला सांगितलं, कारण हा कागद कुठे जायचा नाही. जाणार असता, तरी तुझा पत्ता मला तिलाच विचारावा लागला असता.