हिरव्या बॉनेटवरचा दात

पनवेल, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९२

एका शेठच्या दोन जुन्या स्पोर्ट्‌स गाड्या आमच्या गॅरेजात आल्यात, हिरवी इंग्लिश आणि लाल इटालियन. दुपारी त्यांच्यावरून ह्यांचं आणि विलासभावजींचं जुंपलं.

हे म्हणाले, "इंग्लिश गाडी दणकट. कुठेही उघडा नि दुरुस्त करा. तुझी इटालियन नुसती किंचाळते, घाट लागला की तापते."

"दादा, ती बोटाच्या इशाऱ्यावर वळते. तुझ्या त्या हिरवीला वळायला अख्खं कळंबोली लागतं!"

"तुझ्यासारखीच आहे ती. दिखाऊ, बिनकामाची."

भावजींनी पाना उचलून ह्यांच्या तोंडावर हाणला. दात उडून हिरव्या बॉनेटवर पडला. मी डबा घेऊन दारातच होते. गाड्यांवरून एवढं? की 'बिनकामाचा' हे वर्षानुवर्षं ऐकून? तो दात, बॉनेटवरची रक्ताची रेघ, डोळ्यांपुढून हलत नाही.

डॉक्टरांना हे म्हणाले, "जॅक निसटला."

संध्याकाळी भावजी उंबऱ्यात येऊन रडले. "वहिनी, मला मारा." मारलं. चप्पल काढून मारलं. ते मार खात उभे राहिले आणि मला थांबता येईना. शेवटी टाके घातलेल्या तोंडाने हेच बाहेर आले आणि आमच्या मधे उभे राहिले.