नावातला ळ

प्रिय नीळकंठआजोबा,

दुसऱ्या महायुद्धात तुम्ही बाविसाव्या वर्षी बॉम्बर विमानासकट इथे कोसळलात, त्यामुळे तुम्हाला आजोबा म्हणताना मलाच गंमत वाटते. मी मृदुला, तुमच्या धाकट्या बहिणीची, लीलाची नात. इथे नेदरलँड्समध्ये, युट्रेख्टला नोकरी करते.

जवळच्याच खेड्यात तुमची कबर आहे. आनेके नावाच्या बाई ती निगुतीने राखतात. दर चार मेला गावात युद्धातल्या मृतांची नावं वाचतात, त्यातलं तुमचं नाव त्याच वाचतात. "माझा उच्चार बरोबर आहे ना?" त्यांनी मला विचारलं. नव्हता. मग मी पुण्याला आजीला व्हिडिओ कॉल लावला. ब्याण्णव वर्षांच्या आजीने तोंड उघडून, जीभ वळवून त्यांना 'ळ' म्हणून दाखवला. आनेकेबाईंना काही केल्या जमेना. शेवटी आजीच हसत मला म्हणाली, "राहू दे गं. आमची आई त्याला नीलू म्हणायची. हिलाही तसंच म्हणू दे."

काल सगळ्या गावासमोर त्यांनी मोठ्याने वाचलं, "नीलू." आजी फोनवर ऐकत होती. मला वाटलं, आता ती रडेल. पण ती दटावल्यासारखं म्हणाली, "दादा, अरे ओ दे की! केव्हापासून हाक मारतायत तुला."

तुमचीच,
मृदुला