हात तिथे, डोकं तिथे

३ फेब्रुवारी, मंगळवार

मखमल वाया घालवली. सात मीटर! पडद्याचा एक पट लव खालच्या दिशेला ठेवून कापला, दुसरा वरच्या दिशेला. टांगल्यावर एक जांभळा, दुसरा जवळजवळ काळा. एकाच ताग्यातले आहेत असं शपथेवर सांगितलं तरी कुणी मानणार नाही. एकतीस वर्षं कात्री चालवतेय मी. नवखी बाईसुद्धा कापायच्या आधी लवेवरून हात फिरवून बघते. दुकानाच्या मालकीणबाई ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. "तुमचं लक्ष कुठे असतं हल्ली?" एवढंच म्हणाल्या.

कुठे असतं ते इथे लिहिते. घरी असतं. हे निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि तेव्हापासून आमचं बोलणं आटतच चाललंय. मूड असला तर उत्तर देतात, नाहीतर नुसते समोर बघत बसतात. परवा रविवारी घरी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या मन घट्ट करून सांगून टाकलं — मी लेकीकडे जाऊन राहते, सहा महिने तरी. हे शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. पान उलटलं. बास. "नको" म्हणाले नाहीत, "का?" म्हणाले नाहीत.

तिकीट काढलंय. २८ तारखेचं.

४ फेब्रुवारी

दुकानात काज-बटणं करणारी माझी मैत्रीण, तिला सगळे काजवालीच म्हणतात. ब्लडप्रेशर वाढलं म्हणून तिला दवाखान्यात कसल्याशा वर्गाला बसवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाली, "दिवसातून एक काम असं करायचं, की त्या वेळी दुसरं काही नाही. हात तिथे, डोकं तिथे. डोकं भटकलं की शिव्या न देता परत आणायचं."

मी म्हटलं, डोकं आहे की शेळी?

"शेळीच समज," म्हणाली.

५ फेब्रुवारी

भांडी घासताना करून पाहिलं. दोन पातेली होईपर्यंत मनातल्या मनात मालकीणबाईंशी तीनदा भांडून आले. शेळी पार वेशीबाहेर.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज जमलं! थोडंसं, पण जमलं. सुती कापड कापताना कात्री कुरकुर करते आणि रेशमात शिरली की नुसती सुस्कारा टाकते. एवढी वर्षं हा आवाज माझ्या हाताखाली होता आणि मी आपली आमटीत मीठ घातलं का, या विचारात. दिवसभर उगाच खूश होते. इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा वास इतका चांगला असतो, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

काजवालीला सांगितलं तर म्हणते, "फी दे."

१५ फेब्रुवारी, रविवार

दुपारी जेवणाच्या टेबलावर संत्रं खाल्लं. एकेक फोड, अगदी सावकाश. समोर हे.

"काय चाललंय?"

"संत्रं खातेय."

"ते दिसतंय. पण असं का खातेस, जणू परीक्षा आहे?"

हसले! मीही हसले. मग त्यांनीही एक फोड घेतली आणि डोळे मिटून खाल्ली, माझी नक्कल करत. माणूस असा अधूनमधून हातात येतो आणि परत निसटतो. त्याचाच जास्त त्रास होतो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

जाण्याआधी यांना एक शर्ट शिवून ठेवावा म्हटलं. एरवी जुन्या शर्टावरूनच माप घेते. आज ठरवलं, अंगावर घ्यायचं, नीट लक्ष देऊन.

यांच्या डाव्या खांद्याशी उभी होते. म्हटलं, हात वर करा जरा. ढिम्म. परत म्हटलं. ढिम्म! रागाने कान तापले. मग शेळी आठवली. राग जरा बाजूला ठेवला आणि यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, फक्त पाहिलं. चेहरा रुसलेला नव्हता. हे वाट बघत होते, मी काहीतरी सांगेन म्हणून.

उजवीकडे गेले. त्याच आवाजात म्हटलं, हात वर करा. लगेच वर.

पुन्हा डावीकडे. हळूच म्हटलं, "तुमचं नाक मुळ्यासारखं आहे." काही नाही. उजवीकडे येऊन तेच म्हटलं.

"नाकाचं काय काढलंस मध्येच?"

टेप हातात धरून मी खालीच बसले. आधी हसू आलं, मग रडू. निवृत्त झाल्यावर यांची खुर्ची मीच खिडकीशी हलवली होती. तेव्हापासून माझं मशीन यांच्या डाव्या हाताला आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. "मला छान ऐकू येतं," हे आत जाईपर्यंत घोकत होते. छापखान्यात तीस वर्षं डावा कान यंत्राकडे होता. तो जवळजवळ गेलाय, उजवा ठीक आहे. पुढच्या आठवड्यात कानाचं मशीन मिळेल.

येताना मी यांच्या उजवीकडून चालले आणि तोंडाला खळ नव्हती माझ्या. हेही काही कमी नाहीत! घरी पोचेपर्यंत माझा घसा बसला. इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी यांनी कपाटाशी माझी भरलेली बॅग पाहिली. "कुठे निघालीस?"

उजव्या बाजूला बसून सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मग म्हणाले, "मला वाटायचं, तूच माझ्याशी बोलायचं सोडलंस."

आत्ता स्टेशनवर गेलेत, दुसरं तिकीट काढायला. आणि परतीची दोन्ही.